सहा फुटांच्या साहेबांचं ठेंगणं स्टूल

“साहेबांची उंची किती होती हो, काका?”

प्रश्न विचारून झाल्यावर ती पोरगी ओठ घट्ट दाबून उभी राहिली. मागे तिच्या सात-आठ मैत्रिणी एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत खिदळत होत्या. “विचारलं गं हिनं! खरंच विचारलं!” असं एकजण कुजबुजली, आणि ती कुजबुज पार जिन्यापर्यंत ऐकू गेली असेल. सहलीच्या बसमध्येच पैज लागली होती. साहेबांच्या घराच्या या संग्रहालयातल्या गाईडकाकांना मध्येच प्रश्न विचारलेले मुळीच चालत नाहीत, हे शाळेच्या आधीच्या तुकडीने सांगून ठेवलं होतं. त्यामुळे हिंमत असेल तर साहेबांची उंची विचारून दाखव, असं मैत्रिणींनी टाचणीला डिवचलं होतं. टाचणी म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात बुटकी. बुटकीनेच उंची विचारायची, यातच तर त्यांची सगळी गंमत होती.

गाईडकाकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“सहा फूट,” ते म्हणाले. “येताना बागेतला पुतळा दिसला नाही का?”

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा फुटली असती तर मी ओरडलो असतो. मी तिथेच होतो, अभ्यासिकेच्या दाराशी, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकवून ठेवलेला. मी एक जुनं, ठेंगणं लाकडी स्टूल आहे. माझी उंची एक वीत आणि वर चार बोटं, बस्स, एवढीच. पण एके काळी या देशाचे पंतप्रधान असलेल्या साहेबांची खरी उंची मला जितकी ठाऊक आहे, तितकी कुणालाच नाही. कारण ती जेवढी कमी पडायची, तेवढी मी भरून काढायचो.

आणि त्याच माझ्या अंगावर त्या दिवशी खडूची फुली होती. घराची मोठी दुरुस्ती निघाली होती. नोंदवहीत जे नाही ते भंगारात, असा हुकूम सुटला होता. फुली मारलेल्या वस्तू दहा दिवसांनी, सोमवारी सकाळी उचलायच्या होत्या. तुटकी झारी, गळका नळ, दोन फाटक्या चटया आणि मी.

मी मात्र मनाशी पक्कं ठरवलं होतं, की मी जाणार नाही. लाकूड आहे म्हणून काय झालं, लाकडालाही हट्ट असतो. दार आपटू न देता वर्षानुवर्षं उभं राहायला काय लागतं असं वाटतं तुम्हाला?

आता माझा जन्म कसा झाला ते सांगतो. साहेब निवडून आले आणि त्यांचं पहिलं मोठं भाषण ठरलं. तिथला पोडियम आधीच्या पंतप्रधानांच्या मापाचा होता, आणि ते गृहस्थ चांगले ताडमाड! साहेब मागे जाऊन उभे राहिले, तर सभागृहाला नुसता त्यांच्या केसांचा भांग दिसला. कुणीतरी मागून ओरडलं, “आवाज येतोय, पण माणूस कुठाय?” अख्खं सभागृह हसलं. साहेबही हसले. पोडियमच्या मागून बाहेर आले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, “हा काय, इथेच आहे! एवढाच आहे!” मग ते तासभर पोडियमच्या शेजारी उभं राहून बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला घरी बोलावलं. सुताराने विचारलं, “किती उंच करू, साहेब?”

“शेवटच्या रांगेतल्या माणसाचं तोंड मला दिसायला हवं,” साहेब म्हणाले, “आणि त्याला माझं. त्याहून एक बोटही जास्त नको. मला पडायची भीती वाटते.”

सुताराने एका जुन्या कपाटाची फळी घेतली. आखूड, जाड असे चार पाय केले. वरच्या फळीच्या मधोमध हात घालून उचलता येईल अशी लांबट खाच पाडली. खडबडीत फरशीवर आवाज होऊ नये म्हणून पायांच्या तळाला जाड लोकरी कापडाच्या चकत्या ठोकल्या. मग स्वतः माझ्यावर उभा राहून दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, “हे काय मोडत नाही बघा आता.” हे माझं पहिलं कौतुक. अजून लक्षात आहे.

त्यानंतर सतरा वर्षं मी साहेबांबरोबर होतो. मला न्यायचं-आणायचं काम त्यांच्या खासगी शिपायाकडे होतं. त्याला सगळे ‘सावली’ म्हणायचे, कारण साहेब जिथे जातील तिथे तो दोन पावलं मागे असायचाच. सावलीची कामाची एक ठरलेली पद्धत होती. सभेची दारं उघडायच्या आधी तो पोहोचायचा. मला काळ्या कापडी पिशवीतून काढायचा, पोडियममागे ठेवायचा, चारही कोपऱ्यांवर अंगठ्याने दाबून बघायचा. जरा जरी डुगडुगलो, की खिशातून कागद काढून घडी घालायचा आणि पायाखाली सारायचा. सभा संपली, शेवटचा माणूस बाहेर पडला, की मग मी पुन्हा पिशवीत. एवढ्या वर्षांत कुणी मला पाहिलं नाही. फोटोतही मी कुठे नाही, कारण पोडियमला पुढून जमिनीपर्यंत कापड लावायची युक्तीही सावलीचीच.

साहेब बोलायला लागायच्या आधी टाचेने मला दोनदा ठोकायचे. ठक ठक. आहेस ना? असं विचारल्यासारखं. भाषण रंगात आलं की ते चवड्यांवर उभे राहायचे. त्यामुळे माझ्या फळीवर दोन खळगे पडले आहेत, उजवा जरा जास्त खोल.

एकदा तर कमालच झाली. मोकळ्या मैदानात सभा होती आणि आदल्या दिवशीच्या पावसाने जमीन भुसभुशीत झाली होती. सावलीने माझ्याखाली घालायला एक फळी मागितली होती, पण ती वेळेवर आलीच नाही. भाषण चालू असताना माझा डावा पाय हळूहळू मातीत रुतायला लागला. साहेब डावीकडे कलले, आणखी कलले, पण बोलायचे थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत काय छापून आलं माहितीये? ‘भावनेच्या भरात साहेब एका बाजूला झुकले!’ साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. सावली मात्र हसला नाही. तो तीन दिवस स्वतःवर चिडलेला होता.

मग साहेब गेले. घर सरकारकडे आलं, घराचं संग्रहालय करायचं ठरलं. एक कारकून जाड नोंदवही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायला लागला. साहेबांचा कोट, साहेबांची दौत, साहेबांच्या चपला. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक. सभागृहातून साहेबांचा तो पोडियमही आला आणि अभ्यासिकेत दोरीच्या आत उभा राहिला. कारकून माझ्यापाशी आला.

“आणि हे काय?”

सावली शेजारीच होता. मला वाटलं, आता आपला मान! सावली सांगेल. त्याच्याशिवाय सांगणार तरी कोण?

सावली म्हणाला, “ते होय? ते स्वयंपाकघरातलं आहे.”

मित्रांनो, त्याने हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. सतरा वर्षं ज्याने मला पिशवीत लपवलं, त्याच्या जिभेवर दुसरं उत्तरच नव्हतं. कारकुनाने पान उलटलं. स्वयंपाकघरातल्या किरकोळ सामानाची नोंद करायची नव्हती. एका वाक्यात माझी सतरा वर्षं पुसली गेली. महिन्याभरात सावली निवृत्त होऊन निघून गेला.

नंतरचे माझे दिवस काय सांगू! रंगाऱ्याने माझ्यावर डबे ठेवले, म्हणून एका बाजूला पिवळे ओघळ आहेत. माळीबुवांनी माझ्यावर बसून कात्री पाजळली. कुणी चहाचा कप ठेवला, त्याचं वर्तुळ अजून आहे. शेवटी दाराला लावलं. बाहेर बागेत सहा फुटांचा पुतळा उभा राहिला, तोही चौथऱ्यावर. शिल्पकाराने साहेबांना कधी पाहिलंच नव्हतं. त्याने फोटो पाहिले होते, आणि फोटोत साहेब पोडियमच्या चांगले वर दिसायचे. ते कुणामुळे, हे त्याला कोण सांगणार? तेव्हापासून वीस वर्षं गाईडकाका शपथेवर सांगत आले आहेत: सहा फूट.

तर पुन्हा त्या सहलीच्या दिवशी येऊ. काकांनी सहा फूट सांगितलं, पैज संपली, मैत्रिणी पुढच्या खोलीकडे निघाल्या. टाचणी मात्र दाराजवळच्या आरशासमोर थांबली. बाहेर पडताना साहेब त्यात बघून कॉलर नीट करायचे.

“काका, जरा या आरशात बघा ना.”

“का?”

“बघा तर.”

काकांनी पाहिलं. आरशात त्यांच्या सदऱ्याचं तिसरं बटण दिसलं. चेहरा बघायला त्यांना वाकावं लागलं.

“मला तर सरळ उभं राहून दिसतंय,” टाचणी म्हणाली. “भांगसुद्धा दिसतोय. सहा फुटांचा माणूस रोज वाकून कॉलर नीट करायचा?”

“तेव्हा आरसे खालीच लावायची पद्धत होती,” काका म्हणाले.

“कुठे?”

“सगळीकडे! चला, पुढे चला.”

“आणि तो काचेतला कोट? तो तर माझ्या मापाचा आहे.”

“धुऊन धुऊन आटला असेल, बाई! किती प्रश्न विचारशील?”

मैत्रिणींमधली चष्मेवाली परत आली. “टाचणे, पैज जिंकलीस ना? चल की आता!”

पण टाचणीचं लक्ष आता खाली गेलं होतं. माझ्याकडे. तिने मला दारापासून ओढलं (दार धाडकन आपटलं, काका दचकले), उचललं आणि चक्क उलटं केलं. किती वर्षांनी कुणीतरी माझे तळपाय पाहिले!

“दाराला टेकवायच्या स्टुलाला कुणी लोकरीचे मोजे घालतं का गं?” तिने चष्मेवालीला विचारलं. मग मला सुलटं ठेवून तिने खळग्यांवरून बोट फिरवलं, आणि बूट काढून माझ्यावर उभी राहिली. तिचे पाय बरोब्बर त्या दोन खळग्यांत बसले. मग चवड्यांवर उभी राहिली. मला कळलं, हिला कळलं.

“उतर, उतर!” काका ओरडले. “भंगार आहे ते! पुढच्या सोमवारी गाडी येणार आहे न्यायला.”

“हे भंगार नाही, काका. यावर साहेब उभे राहायचे.”

मैत्रिणी हसल्या. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा कुणी खिसा कापल्यासारखा झाला होता.

टाचणी मला काखेत मारून थेट शेजारच्या खोलीत, संग्रहालयाच्या प्रमुख बाईंकडे गेली. बाई शांत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला टेबलावर ठेवून चारही बाजूंनी पाहिलं.

“तू म्हणतेस ते पटण्यासारखं आहे,” त्या म्हणाल्या. “पण मला पटून भागत नाही. नोंदवहीत चढवायचं तर साहेबांबरोबर काम केलेल्या माणसाची सही लागते.”

“असा कुणी आहे?”

“एक आहे. त्यांचा जुना शिपाई. हल्ली लेकीकडे राहतो, इथून जवळच. पण तो साहेबांबद्दल अवाक्षर काढत नाही. वर्तमानपत्रवाले येऊन गेले, पुस्तक लिहिणारे येऊन गेले. चहा पाजतो आणि वाटेला लावतो.”

“पत्ता द्या.”

“अगं, ऐकलंस ना मी काय म्हणाले?”

“ऐकलं. पत्ता द्या ना, बाई.”

बाईंनी तिच्याकडे जरा बारकाईने पाहिलं आणि पत्ता लिहून दिला. वर म्हणाल्या, “पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत. त्यानंतर माझ्या हातात नाही.”

मला पुन्हा दाराला लावलं. मी दिवस मोजायला लागलो. मंगळवारी झारी आणि चटया अंगणात नेऊन ठेवल्या. गुरुवारी गाईडकाका माझ्यापाशी आले, इकडे-तिकडे पाहिलं, फळीवरच्या खळग्यांवर स्वतःचा बूट ठेवून बघितला. तो मावला नाही. ते बूट काढून घेऊन निघून गेले. शनिवारी एक मजूर मला उचलायला आला. मी दारात असा घट्ट रुतून बसलो, की दार आणि भिंत यांच्यामधून मला सोडवता सोडवता त्याचं बोट चेमटलं. “राहू दे मेलं, सोमवारी बघू,” म्हणून तो गेला. मित्रांनो, माझ्या हातात जे होतं ते मी केलं.

रविवारी चार वाजता जिन्यावर काठीचा आवाज आला. काठी, मग एक पाऊल, मग थांबणं. दारात एक म्हातारा माणूस उभा राहिला. कडक इस्त्रीचा सदरा, वरपर्यंत लावलेली बटणं. सावली! केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती, पण उभा राहिला तो अजूनही दोन पावलं मागे जागा सोडून. त्याच्या शेजारी टाचणी, आणि तिच्या मागे तिचे आईबाबा. बाबा चांगले उंच होते, आईही काही कमी नव्हती.

“लवकर आटप हं,” आई टाचणीला म्हणाली. “उद्या पहाटे तुझ्या शिबिराची बस आहे. अजून बॅग भरलेली नाहीस.”

“उंची वाढवायचं शिबिर आहे,” बाबांनी न विचारताच प्रमुख बाईंना सांगून टाकलं. “सुट्टीतलं, सहा आठवड्यांचं. लोंबकळणं, ताणणं, सगळं करून घेतात. अजून वय आहे तिचं, दोन इंच तरी...”

“बाबा,” टाचणी म्हणाली. तेवढंच म्हणाली.

प्रमुख बाईंनी नोंदवही उघडली. सावलीने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. सतरा वर्षं आम्ही एका पिशवीचे भागीदार होतो.

“काका, ओळखता का हे?” बाईंनी सावलीला विचारलं.

सावलीने सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं. “ते स्वयंपाकघरातलं आहे,” तो म्हणाला.

पुन्हा तेच! मला वाटलं, संपलं सगळं.

“आजोबा!” टाचणीचा आवाज चिरका झाला. “चार दिवस मी तुमच्याकडे येतेय. काल तुम्ही म्हणालात, बघायला येतो.”

“बघायला आलो, पोरी. बघितलं.”

“चल गं बाई आता,” आई हळूच म्हणाली. “म्हाताऱ्या माणसाला कशाला छळतेस? साधं स्टूल तर आहे.”

टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हलली नाही. तिने मला उचललं. दोरी ओलांडून आत गेली. गाईडकाका “अगं अगं” म्हणेपर्यंत तिने मला साहेबांच्या पोडियममागे ठेवलंसुद्धा.

“साधं स्टूल आहे ना? मग मी उभी राहते यावर,” ती म्हणाली आणि एक पाय माझ्यावर टाकला.

मित्रांनो, तिने मला चुकीचं ठेवलं होतं. अगदी पोडियमला चिकटवून, आणि माझा एक पाय फरशीच्या खाचेत.

“थांब!” सावली ओरडला. एवढा मोठा आवाज त्या वाकलेल्या छातीतून येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. “तसं नाही! पडशील! पुढून बोटभर जागा सोड, चिकटवायचं नाही. बोलायच्या आधी टाच मारतात साहेब, मग पोडियम वाजतो आणि सगळा आवाज माइकमध्ये...”

काठी बाजूला टाकून तो दोरीखालून आत शिरला होता. त्याने मला बोटभर मागे ओढलं. चारही कोपऱ्यांवर अंगठा दाबला. सदऱ्याच्या खिशातून कागद काढला, घडी घातली, माझ्या डाव्या पायाखाली सारली. पुन्हा दाबून पाहिलं. आता मी जराही हलत नव्हतो.

मग त्याच्या लक्षात आलं, की सगळे त्याच्याकडे बघताहेत.

गाईडकाकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

सावली तिथेच, माझ्याशेजारी फरशीवर बसला. “साहेब कधी म्हणाले नव्हते, लपव म्हणून,” तो माझ्याकडे बघतच म्हणाला. “एकदाही नाही. पहिल्या दिवशी लोक हसले, तेव्हा साहेबपण हसले. मला मात्र लागलं. माझ्या साहेबांना कुणी हसायचं नाही! म्हणून मीच पिशवी शिवून घेतली. मीच कापड लावलं. साहेब मला म्हणायचे, अरे, एवढं काय त्यात? स्टूलच तर आहे. मी ऐकलं नाही.”

“मग आता?” टाचणीने विचारलं. ती त्याच्या समोर मांडी घालून बसली होती.

“आता काय?”

“उद्या गाडी येईल. हे जाईल. मग साहेब कायमचे सहा फुटांचे.”

सावलीने बागेकडे पाहिलं. खिडकीतून पुतळ्याचं डोकं दिसत होतं.

“ते ध्यान काही साहेब नव्हे,” तो म्हणाला. “आणा ती वही. लिहा. साहेबांची उंची पाच फूट एक. हे स्टूल साहेबांचं. आणि खाली माझं नाव लिहू नका नुसतं, मी सही करतो. मला येते सही.”

प्रमुख बाईंनी लिहिलं. सावलीने सावकाश, एकेक अक्षर गिरवत सही केली. टाचणीने रुमालाने माझ्यावरची खडूची फुली पुसली. पुसताना पिवळ्या ओघळांवरूनही रुमाल फिरवला, पण ते काही गेले नाहीत. त्यांची आता मला लाजही वाटत नाही.

“अभिनंदन,” प्रमुख बाई मला म्हणाल्या. खरंच, मला! मग टाचणीला म्हणाल्या, “आणि आता यावर उभं राहायचं नाही हं. क्रमांक पडलाय.”

मित्रांनो, मी एवढ्यावरच थांबलो असतो, तर गोष्ट गोड झाली असती. पण नुसता क्रमांक पडून वस्तू वाचत नाही. मी नोंदवहीत नव्हतो तेव्हाही याच खोलीत होतो, आणि हजारो माणसं मला ओलांडून गेली. त्या साऱ्यांत उलटं करून बघणारी एकच निघाली. म्हणून माझं तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत, कुठल्याही कोपऱ्यात माझ्यासारखं काही पडलेलं दिसलं, तर ते फेकायच्या आधी एकदा उलटं करून बघा. आणि ज्याने ते वापरलंय तो माणूस असेल, तर त्याच्या पायाशी बसून विचारा. पहिल्यांदा तो नाही म्हणेल. दुसऱ्यांदाही म्हणेल. तरी उठू नका.

प्रमुख बाईंनाही तीच काळजी होती. “ठेवू आपण हे पोडियममागे,” त्या म्हणाल्या. “पण सांगणार कोण? कुणी सांगितलं नाही, तर दोन महिन्यांत पुन्हा दाराला लागेल.”

सगळ्यांनी गाईडकाकांकडे पाहिलं.

“माझ्याकडे नका बघू,” काका म्हणाले. “वीस वर्षं सहा फूट सांगतोय मी. आता एकदम अकरा इंच कमी करू? लोक काय म्हणतील? मला वेळ लागेल. तोंडाला सवय व्हायला हवी.”

“माझे गुडघे रोज जिना चढत नाहीत,” सावली म्हणाला.

“बरं, ते बघतील काय ते,” बाबा घड्याळाकडे बघत म्हणाले. “झालं ना तुझ्या मनासारखं? चल. पहाटे पाचला उठायचंय.”

टाचणी उठली. आता तिला माझ्यावर उभं राहता येणार नव्हतं. ती फरशीवरच, पोडियमच्या शेजारी उभी राहिली आणि मान वर करून तिने दोघांकडे पाहिलं.

“आई, बाबा, मी शिबिराला जाणार नाही. सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी दहा ते एक मी इथे असणार आहे. या स्टुलाबद्दल लोकांना मी सांगणार. आणि कुणी मला माझी उंची विचारली ना, तर जेवढी आहे तेवढीच सांगणार.”